शुद्ध शाकाहारी घरात मासळीचा वास!

पावसाळी वीकएण्डला कोकणात निघताना बॅगेत छोटा हीटर टाकताय? जरा थांबा. हरिहरेश्वरच्या एका ओल्या रात्री आम्ही शिकलेला धडा आधी वाचून घ्या...

रात्रीचे अडीच वाजले होते. बाहेर धो धो पाऊस. हरिहरेश्वरातल्या एका घरगुती खोलीत आम्ही चौघं मित्र गाढ झोपलो होतो. अचानक माझ्या नाकात वास शिरला. कुणीतरी सुकी मासळी तव्यावर टाकावी तसा.

अर्धवट झोपेत आधी वाटलं, वा! काकूंनी उद्याच्या जेवणाची तयारी आत्तापासूनच सुरू केली वाटतं. मग डोक्यात ट्यूब पेटली. काकूंचं घर शुद्ध शाकाहारी. रात्री आम्ही वालाची उसळ, सोलकढी आणि उकडीचे मोदक हाणले होते. या घरात मासळी शिजणं शक्यच नव्हतं!

दचकून उठलो. कोपऱ्यातला आमचा छोटा हीटर घरघरत होता, जाळीमागे लाल दिसत होता. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली ओली जीन्स घसरत घसरत त्या जाळीपासून वीतभर अंतरावर आली होती. आणि भिंतीवरच्या सॉकेटच्या पांढऱ्या प्लेटवर रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी डाग पडला होता. वास तिथूनच येत होता.

प्लग उपटायला हात पुढे गेला होता. पण वितळायला आलेल्या प्लगला हात लावू नये एवढं शाळेतलं शहाणपण वेळेवर आठवलं. पॅसेजमध्ये धावत गेलो आणि मेन स्विच पाडला. अख्खं घर अंधारात. तेवढ्यात काकांची हाक आली, ‘काय झालं रे?’

खरं सांगायचं तर काय झालं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी समजलं, आणि तेच तुम्हाला सांगायचंय.

एक जीन्स, एक हीटर, एक जुगाड

बॅकग्राऊंड अगदी तुमच्याआमच्यासारखीच. शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दुपारी हरिहरेश्वर. समुद्राला उधाण होतं, त्यामुळे देवळामागचा प्रदक्षिणेचा रस्ता लांबूनच बघितला. पण किनाऱ्यावर मनसोक्त भिजलो. दुसरी जीन्स आणायची अक्कल मात्र चौघांपैकी एकालाही नव्हती.

एकाकडे गेल्या थंडीत पुण्यात घेतलेला हीटर होता. ब्लोअरवाला, २००० वॉटचा, टिफिनच्या डब्यापेक्षा जरासा मोठा. ‘रात्रभर लावू, सकाळी जीन्स कडक!’ असा त्याचा प्लॅन. हीटरची पिन मोठी, खोलीतलं सॉकेट छोटं. मग काय, बाजारातून मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर आणला. झाला जुगाड.

अकरा वाजता लाईट गेली. आम्ही वैतागून झोपलो. हीटरचं बटण बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. मध्यरात्री कधीतरी लाईट आली आणि हीटर इमानेइतबारे पुन्हा सुरू झाला. आम्ही चौघं झोपेत, जीन्स खुर्चीवर.

मोबाइल तर चार्ज होतो की!

सकाळी काकांनी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून दाखवला. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर बसला होता. एक स्क्रू सैल. वायरचं आवरण कडक होऊन काळं पडलेलं. ‘पण याच सॉकेटवर तर दिवसभर मोबाइल चार्ज होत होते!’ आम्ही म्हणालो. तो नुसता हसला.

त्या हसण्याचा अर्थ समजून घ्यायला थोडं गणित करू. घाबरू नका, आठवीचंच आहे. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर करंट ओढतो. छोटं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. म्हणजे पहिली चूक इथेच झाली. मोठी पिन मोठी का असते? तर ती छोट्या सॉकेटमध्ये जाऊ नये म्हणून! कन्व्हर्टर लावणं म्हणजे कुलूप असलेलं दार खिडकीतून उडी मारून ‘उघडणं’.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पिन आणि पट्टी जिथे एकमेकींना टेकतात तिथला कॉन्टॅक्ट सैल किंवा गंजलेला असेल तर करंटला अडथळा होतो. आणि तिथे निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा अडथळा फक्त अर्धा ओम आहे. मोबाइलचा चार्जर ओढतो जेमतेम ०.१ अँपिअर. तेव्हा त्या सांध्यात उष्णता होते ०.००५ वॉट. म्हणजे काहीच नाही. हीटर लावला की तीच उष्णता होते जवळपास ३८ वॉट! मोबाइल रिपेअरवाल्याकडची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे आम्ही त्या प्लॅस्टिकच्या डबीत सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त गरम काहीतरी खुपसून झोपलो होतो.

आणि मासळीचा वास? बरेचसे पांढरे स्विच-सॉकेट युरिया फॉर्मल्डिहाइड या प्लॅस्टिकचे असतात. ते प्रमाणाबाहेर तापलं की अमाइन गटातली रसायनं बाहेर पडतात. मासळीचा जो वास आपण ओळखतो तोही याच गटातल्या एका रसायनाचा. म्हणून लक्षात ठेवा. घरात मासळी नसताना मासळीचा वास आला तर किचनमध्ये नाही, आधी सॉकेटकडे बघा. ज्वाळा दिसायच्या आधी मिळणारी ही वॉर्निंग आहे.

एमसीबी पडला का नाही?

हा प्रश्न आमच्यातल्या इंजिनीअरने विचारला. (आयटीतला इंजिनीअर. वायरिंगशी संबंध नाही.) उत्तर सोपं आहे. एमसीबी बघतो तो करंट किती जातोय ते. त्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी होता, हीटर ओढत होता ८.७. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल!

आरसीसीबी नावाचा त्याचा भाऊ असतो. तो करंट गळतोय का यावर लक्ष ठेवतो आणि घरगुती वापरातला ३० मिलिअँपिअरच्या आसपासच्या गळतीला बंद पडतो. ओल्या हाताने शॉक बसला तर जीव वाचवणारा तोच. पण सैल कॉन्टॅक्ट त्यालाही दिसत नाही. कारण तिथे करंट जास्तही जात नाही आणि गळतही नाही. तो फक्त एका ठिकाणी तापत राहतो. म्हणजे दोन्ही सिक्युरिटी गार्ड जागे असतानाही चोरी होऊ शकते. तिथे कामाला येतं ते फक्त तुमचं नाक आणि तुमचा हात. हीटर अर्धा तास चालवा, बंद करा आणि मग प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात मागे घ्यावा लागला तर त्या सॉकेटवर तो हीटर पुन्हा लावायचा नाही.

खारा वारा, हिरवा पितळ

हे पुण्यातही होऊ शकतं. मग हरिहरेश्वरात जास्त का? कारण इथलं घर समुद्राच्या तोंडावर आहे. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. खारे तुषार वाऱ्याबरोबर घरात येतात आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. मीठ आणि ओल एकत्र आले की पितळ आणि तांब्यावर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात, पट्ट्यांची पकड ढिली होते. ज्या सॉकेटला पुण्यात पंधरा वर्षं काही होत नाही, ते इथे फार आधी थकतं. त्यात यजमानांचा काही दोष नाही. त्यांनी ते सॉकेट नाइट लॅम्प आणि चार्जरसाठी दिलं होतं. हीटर आम्ही आणला.

आणि त्या घरात काय पणाला लागलं होतं ते काकूंशी बोलताना कळलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन तालुक्याची दैना झाली. नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. ज्या रोठा सुपारीसाठी श्रीवर्धन प्रसिद्ध आहे ती झाडं नव्याने लावून उत्पन्न द्यायला वर्षं जातात. काकूंच्या घराची कौलं उडाली, वासे मोडले. बाग गेल्यावर उरला आधार पर्यटकांच्या खोल्यांचा. कर्ज काढून त्यांनी छप्पर पुन्हा घातलं. लाकडी वासे, लाकडी रिपा, लाकडी माळा. आमची जीन्स त्या माळ्याच्या बरोबर खाली पेटणार होती.

काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘वाऱ्याने नेलेलं परत बांधलं रे मुलांनो. आगीने नेलेलं नाही हो बांधता आलं असतं.’

आम्ही चौघंही गप्प.

छोटा हीटर, मोठे दावे

आता जरा परफॉर्मन्सबद्दल. हीटर विकताना ‘सुपर एफिशियंट’, ‘कमी बिल, जास्त ऊब’ असं बरंच काही लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे विजेवर तापणारा कुठलाही हीटर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता देतो. पाचशे रुपयांचा असो की दहा हजारांचा. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट जाळणार म्हणजे जाळणार. युनिटला दहा रुपये धरले तर आठ तासांच्या झोपेचे झाले १६० रुपये. फरक असतो तो उष्णता कशी पोचते आणि हीटर किती सांभाळून वागतो, यात.

क्वार्ट्झ किंवा हॅलोजनचे लालभडक रॉडवाले हीटर समोर बसलेल्या माणसाला शेकतात, खोलीला नाही. ब्लोअर लगेच गरम करतो, पण बंद केला की पाच मिनिटांत थंडी परत. त्यातला पीटीसी सिरॅमिकवाला प्रकार जरा हुशार. एलिमेंट जास्त तापलं की त्याचा रोध आपोआप वाढतो आणि तो स्वतःच वीज कमी घेतो. तेलाचा रेडिएटर तापायला वेळ लावतो, पण ऊब टिकवतो आणि त्याला उघडी लाल तार नसते. त्यातलं तेल जळत नाही, बदलावंही लागत नाही.

आणि ते थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे चिमुकले ४०० वॉटचे हीटर? ‘मिनिटांत खोली गरम’ म्हणणारे? शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे तो हीटर लावणं आणि खोलीत चार मित्र बोलावणं, हिशेब सारखाच! मित्रांना सॉकेट लागत नाही हा बोनस. अंदाजाचं गणित असं की बंद खोलीला चौरस फुटामागे १० वॉट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला झाले १२०० वॉट. चारशेवाला टेबलाखाली पाय शेकायला ठीक. शिवाय त्याचं सगळं वजन सॉकेटच्या पट्ट्यांवर लोंबकळतं, ते वेगळंच.

कोकणातल्या कौलारू घरात तर हे गणितही कोसळतं. गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून पसार होते. थर्मोस्टॅट खोली गरम व्हायची वाट बघत बसतो आणि हीटर थांबतच नाही. पावसाळ्यात व्होल्टेज पडलं तर अजूनच मजा. २३० चे १८० व्होल्ट झाले की २००० वॉटचा हीटर उरतो सव्वाबाराशे वॉटचा. म्हणजे आपण म्हणणार, ‘तापत नाहीये यार, अजून जवळ सरकव!’ आणि मग लाईट फुल आली की...

आणि मुळात हवा कुणाला आहे हीटर? हरिहरेश्वरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही पारा सतरा-अठराच्या आसपास असतो. एक गोधडी पुरते.

मग जीन्स वाळवायची कशी?

इथेच आमचा खरा पोपट झाला. कपडे नुसत्या उष्णतेने वाळत नाहीत. पाण्याला जायला जागा लागते. २७ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅम वाफ मावते. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली ३४ घनमीटरची. म्हणजे अख्ख्या खोलीत ९०० ग्रॅमच्या आतबाहेर. पावसाळ्यात हवा आधीच नव्वद टक्के भरलेली. शिल्लक जागा ९० ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा कप पाणी. हाताने पिळलेल्या एका जीन्समध्ये अर्धा लिटर पाणी सहज असतं. आणि आम्ही चार जीन्स वाळत घालून दारं-खिडक्या घट्ट लावल्या होत्या! हीटरने हवा तापली की थोडी जास्त वाफ मावते खरी. पण खोली गार झाली की तेच पाणी भिंतींवर, गाद्यांवर आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर उतरतं. मग बुरशी.

उपाय अगदी साधा आहे. जीन्स कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्हींची मिळून गुंडाळी करा आणि दोघांनी दोन टोकांनी पिळा. अर्धं पाणी टॉवेलमध्ये जातं. मग पंख्याखाली, एकमेकांपासून लांब, खिडकी थोडी उघडी ठेवून टांगा. खोलीत एसी असेल तर खिडकी लावून तो ‘ड्राय’ मोडवर ठेवा. तो हवेतलं पाणी खेचून बाहेर टाकतो, जे हीटर कधीच करू शकत नाही.

वीज नको, मग गॅस? कोळसा?

अजिबात नाही! विजेचा हीटर खोलीतला ऑक्सिजन ‘खातो’ हा गैरसमज आहे. तिथे काही जळतच नाही. त्याने फक्त त्वचा कोरडी पडते. पण गॅस हीटर, गॅस गीझर आणि कोळशाची शेगडी खरोखरच जळतात आणि बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले. दारं-खिडक्या बंद होत्या. त्यात चार लहान मुलं होती. आठांपैकी कुणीही वाचलं नाही.

विजेचा हीटर असा गुपचूप मारत नाही. पण रात्रभर, दिवसेंदिवस चालू ठेवला तर तोही काय करू शकतो ते ९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात दिसलं. एका फ्लॅटमधल्या बिघडलेल्या हीटरमुळे आग लागली. आपोआप बंद व्हायला हवी होती ती दारं उघडी राहिली, धूर जिन्यात भरला आणि १७ जणांचा जीव गेला.

बॅग भरण्याआधी

हीटर घ्यायचाच असेल, पुण्या-नाशकाच्या थंडीसाठी किंवा महाबळेश्वरला न्यायला, तर एवढं बघा:

• आयएसआय मार्क. रूम हीटरला तो सक्तीचा आहे. मार्कच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर हवा. तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो.

• आडवा पडला की बंद होणारा स्विच आणि जास्त तापल्यावर बंद करणारा थर्मल कट-आउट, दोन्ही हवेत.

• मोठी पिन मोठ्याच सॉकेटमध्ये, म्हणजे १६ अँपिअरच्या. कन्व्हर्टर नाही, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. प्लग ढिला बसत असेल तर तो हीटर तिथे लावूच नका.

• पडदा, गादी, कपडे, सगळं तीन फूट लांब. अमेरिकेतली अग्निसुरक्षेची संस्था एनएफपीए हेच अंतर सांगते. हीटरवर कपडे वाळत घालणं हा विषयच नाही.

• लाईट गेली की पहिलं काम, हीटरचं बटण बंद. फिरवायच्या बटणाचा हीटर लाईट आल्यावर आपोआप सुरू होतो. टच पॅनेलवाले बहुतेक बंदच राहतात, पण त्यावर विसंबू नका.

• झोपायच्या आधी अर्धा तास लावा, खोली ऊबदार करा आणि बंद करून झोपा.

• दुसऱ्याच्या घरी किंवा होम-स्टेत असाल तर आधी विचारा. ‘काकू, हे इथे लावलं तर चालेल का?’ या एका वाक्याला पैसे पडत नाहीत.

• बादलीतला हीटिंग रॉडही याच कुटुंबातला. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

आणि शेवटी...

रविवारी दुपारी निघताना आम्ही नवीन सॉकेटचे आणि वायरमनचे पैसे काकांच्या हातात ठेवले. ते घेत नव्हते, आम्ही ठेवूनच आलो. त्यांनी त्या खोलीत आता वेगळ्या जाड वायरचं मोठं सॉकेट बसवून घ्यायचं ठरवलंय. आणि दारामागे एक कागद लावणार आहेत, ‘हीटर, इस्त्री लावण्याआधी विचारावे.’ कागदावरचं अक्षर माझं आहे.

काकूंनी निघताना पडवीतल्या दोरीवरून चार जीन्स काढून दिल्या. रात्रीच्या त्या प्रकारानंतर त्यांनीच त्या तिथे टांगल्या होत्या, समोर टेबलफॅन लावून. तीन वाळल्या होत्या. चौथी, हीटरवाल्याची, कमरेशी अजून ओलसर होती.

ती घालून तो पुण्यापर्यंत गाडी चालवत आला. तक्रार केली नाही.